टीयूआरपीची तारीख मिळालीय ना? मग हे वाचा

दादा, घाबरू नका. माझं टीयूआरपी, म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी आतून खरवडायचं ऑपरेशन, होऊन चार वर्षं झाली. रात्री पाच-पाचदा उठायचो, आता एकदाच उठतो.

ग्रंथी खरवडायचं विजेचं मशीन बायपोलर प्रकारचं आहे का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. त्यात आतला भाग धुवायला साध्या पाण्याऐवजी सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी वापरतात, म्हणून रक्तातलं सोडियम एकदम उतरायचा जुना धोका जवळपास राहत नाही. ग्रंथी फार मोठी असेल तर होलेप या लेसर पद्धतीचंही विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

ऑपरेशननंतर लघवीसाठी घातलेल्या नळीतून कोकम सरबतासारखी लाल लघवी पिशवीत उतरताना बघून बायको रडायला लागली होती. दुसऱ्या दिवशी ती फिकट गुलाबी झाली. दहा-बारा दिवसांनी आतली खपली पडते, तेव्हा पुन्हा थोडं लाल दिसतं. गुठळ्या येऊन लघवी अडली, तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

आणि हे कुणी उघड बोलत नाही: नंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. ताठरता सहसा टिकते. वहिनींनाही आधीच सांगा.

पीएसए ही प्रोस्टेट कॅन्सरचा अंदाज देणारी रक्ततपासणी नंतरही सोडू नका. ग्रंथीचा बाहेरचा भाग आतच राहतो, कॅन्सर बहुधा तिथेच होतो.