‘अभ्यास’ एकदाच होत नाही

यवतमाळ जिल्ह्यातील एका शिक्षिकेने विचारले आहे की मुलांकडून पाढे पुन्हा पुन्हा म्हणवून घेण्याला ‘अभ्यास’ म्हणावे की ‘घोकंपट्टी’. धडा एकदा डोळ्यांखालून घालून मुले ‘अभ्यास झाला’ म्हणतात आणि अहवालाची दोन पाने चाळलेला वक्ता ‘माझा या विषयाचा अभ्यास आहे’ असे सभेत सांगतो; हे दोन्ही प्रयोग मला खटकतात, कारण एकदाच केलेल्या गोष्टीला हे नाव मुळात लागूच होत नाही.

‘अभि’ म्हणजे ‘-कडे’ आणि ‘अस्’ म्हणजे फेकणे, यांपासून हा शब्द झाला आहे. बसणे या अर्थाच्या ‘आस्’पासून तो काढून ‘पुस्तकापाशी बसणे म्हणजे अभ्यास’ असे सांगणाऱ्यांनी ‘अभ्यस्त’ हे रूप सिद्ध करून दाखवावे. ‘आस्’पासून ‘आसीन’ होते, ‘अस्त’ होत नाही. न्यास, विन्यास आणि संन्यास हेही याच फेकण्यातून आले आहेत.

खरा आनंद पाणिनीपाशी आहे. धातूची, म्हणजे क्रियापदाच्या मुळाची, द्विरुक्ती झाली की तिच्या पहिल्या भागाला तो ‘अभ्यास’ म्हणतो : ‘पूर्वोऽभ्यासः’. ‘ज्ञा’पासून ‘जिज्ञासा’ होते तेव्हा ‘जि’ हा अभ्यास. ‘पिपासा’तला ‘पि’ आणि ‘देदीप्यमान’मधला ‘दे’ हेही अभ्यासच. जाणण्याची किंवा पिण्याची इच्छा सांगणारे हे रूप द्विरुक्तीवाचून सिद्धच होत नाही, आणि म्हणून माझे ठाम मत आहे की गोडी आवृत्तीतून लागते हे भाषेने फार पूर्वी ओळखले होते. व्याकरणाचे काही जाणकार याला कल्पनाविलास म्हणतील. त्यांनी ‘शुश्रूषा’ हा शब्द पाहावा : मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, आणि रूढ अर्थ रोज तेच काम न कंटाळता करण्याची सेवा.

आपल्याकडे कपाशीला डवऱ्याची, म्हणजे बैलांनी ओढायच्या कोळप्याची, एक पाळी देऊन कोणी डवरणी संपली असे म्हणत नाही. पाऊस पडून तण उगवते, माती घट्ट होते, आणि डवरा पुन्हा त्याच ओळींतून, पण बदललेल्या मातीतून फिरतो. घोकंपट्टीत उच्चार तेवढा फिरतो, लक्ष फिरत नाही. ‘बारा सत्ते चौऱ्याऐंशी’ म्हणणाऱ्या मुलाला संत्र्याच्या बागेत बारा बारा झाडांच्या सात ओळी दाखवाव्यात. एकूण झाडे न मोजता सांगता आली, तर त्याचा अभ्यास चालू आहे. सांगता आली नाहीत, तर पाढा सोडून न देता तिथेच, त्या ओळींमधून चालत, पुन्हा म्हणवून घ्यावा.