त्याच रविवारी लिही

चिरंजीव लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एरवी इमर्जन्सी रूममध्ये फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीने रुग्ण तपासणारी; महिन्यातून एक शनिवार-रविवार अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे अर्धवेळ सैन्यात, तेच काम, वर्षातून दोन आठवडे प्रशिक्षण. ‘‘एवढ्यात खरी सेवा कसली होणार, मावशी? नुसते फॉर्मच भरायचे ना?’’ असं विचारतेस. हो, फॉर्मच भरायचे. आणि त्यांच्याबद्दलच मला बोलायचं आहे.

मी रिझर्व्हमध्ये रुजू झाले तेव्हा माझ्याही डोळ्यांसमोर टुर्निकेटच होता, जखमेचं रक्त थांबवायला आवळतात तो पट्टा. आपला फिजिशियन असिस्टंटचा पेशाच १९६५ साली ड्यूक विद्यापीठात, नौदलातून आलेल्या चार कोअरमनना, म्हणजे वैद्यकीय मदतनीसांना, घेऊन सुरू झालेला. मला त्याचा केवढा अभिमान! पहिल्याच वर्षी एका रविवारी चार वाजता, सामान ट्रकवर चढत असताना, एक पोरगा लंगडत आला. उडी मारताना गुडघा पिरगळला होता. मी तपासलं, बर्फ लावायला सांगितलं, ‘‘उद्या तुझ्या डॉक्टरला दाखव’’ म्हटलं आणि निघाले. घरी पाहुणे यायचे होते. लिहिलं काहीच नाही.

तो एरवी घरांवर छपरं घालायचा. विमा नव्हता. गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तेव्हा इजा ड्युटीवरच झाली हे दाखवायला त्याच्याकडे कागद नव्हता. ‘लाइन ऑफ ड्युटी’, म्हणजे इजा ड्युटीवर झाली असं अधिकृतपणे, ठरल्याशिवाय उपचारांचा खर्च मिळत नाही. त्याचं ते कधी ठरलंच नाही. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच मला आजही सोसत नाही.

पूर्णवेळ सैनिक सोमवारी पुन्हा त्याच दवाखान्यात येतो. रिझर्व्हमधला सोमवारी दोनशे मैलांवर आपल्या कामावर असतो. म्हणून त्याच रविवारी लिही. ड्युटीवरच्या इजेच्या नोंदीचा २१७३ नंबरचा फॉर्म उघड: किती वाजता, कुठे, काय करताना, कोणी पाहिलं. ‘सगळे निघायच्या घाईत होते’ हे मला सांगू नकोस. ‘‘मॅम, राहू द्या’’ असं तो स्वतः म्हणेल, कारण ‘प्रोफाइल’, म्हणजे कोणती कामं करायची नाहीत याची वैद्यकीय नोंद, लागलं तर प्रशिक्षण हुकेल ही त्याला धास्ती. तरी लिही.

नोकरीची काळजी करतेस, त्यासाठी रिझर्व्हमधल्यांची नोकरी राखणारा १९९४चा कायदा आहे. ड्रिलच्या, म्हणजे महिन्याच्या त्या शनिवार-रविवारच्या, तारखा हॉस्पिटलला आधी लेखी कळव, म्हणजे झालं. इथेही लेखीच.

एका कमांडरने मला तोंडावर हट्टी म्हटलं. लेकाच्या दहाव्या वाढदिवसाला मी केक कापून झाल्यावर पोचले. तो अजून बोलून दाखवतो. पण त्या संध्याकाळी तिघांचे कागद पुरे केले होते, आणि त्यातल्या एकीच्या खांद्यावर पुढे त्याच कागदावर उपचार झाले. माझं चुकलं असं कोणी कितीही म्हणो, मला ते पटत नाही.

पहिलं ड्रिल झालं की फोन कर. रविवारी किती वाजता निघालीस, तेवढं आधी सांग.

तुझी,
मावशी