पीटीच्या दिवशीच पोट का दुखतं?

पत्र (थोडं छोटं केलंय):

"मावशी, माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. अकरा वर्षांची होईपर्यंत घरात टिकायची नाही, संध्याकाळी हाका मारून मारून माझा घसा बसायचा. आता शाळा, क्लास आणि मग बेडवर आडवी, हातात मोबाईल. दोन जिने चढली तरी धाप लागते म्हणते. मी सगळं करून बघितलं. मोबाईल काढून घेतला, पहाटे साडेपाचला उठवून फिरायला नेलं (चार दिवस टिकलं, चारही दिवस भांडण), चार नातेवाइकांसमोर आळशी म्हणून पण बघितलं, म्हटलं लाज वाटेल तर हलेल. तर आता माझ्याशी बोलणंच कमी केलंय. तिचे बाबा म्हणतात वय आहे, होईल आपोआप. पीटीच्या दिवशी नेमकं हिचं पोट दुखतं. गेल्या वर्षी रिलेत तिच्या हातून बॅटन पडलं आणि टीम हरली, तेव्हापासून जरा जास्तच झालंय, पण ते काही एवढं मोठं कारण नाही. एवढी पळणारी मुलगी अशी आळशी कशी झाली? – दमलेली आई"

अगं दमलेल्या आई,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं, आलं परत मोबाईलचं रडगाणं. मग शेवटची दोन वाक्यं परत वाचली. लोक खरी गोष्ट नेहमी पत्राच्या शेवटी लिहितात आणि वर लिहितात की हे काही एवढं मोठं नाही.

बॅटन पडलं गं तिचं. सगळ्या शाळेसमोर. टीम हरली ती तिच्यामुळे, निदान तिच्या डोक्यात तरी तसंच आहे, आणि वर्गातली पोरं असल्या गोष्टी वर्षभर विसरत नाहीत. तुला-मला ते दहा सेकंदांचं प्रकरण वाटतं कारण आपल्या हातून रोज काही ना काही पडत असतं. बारा वर्षांच्या मुलीला त्या दहा सेकंदांत सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं वाटतं.

माझं सांगते. शाळेत दोन कॅप्टन एकेक मुलगी निवडायच्या आणि मी कायम शेवटी उरायचे. एकदा मी आणि हाताला प्लास्टर घातलेली एक मुलगी अशा दोघीच राहिलो, तर प्लास्टरवालीला आधी घेतलं!! आज हसू येतं, पण त्यानंतर मी खेळाच्या तासाला जे काही दुखणं काढायचे ना, माझ्या आईला वाटायचं या पोरीचं पोटच नाजूक आहे. मी परत अंग हलवायला लागले ती थेट चौतिसाव्या वर्षी, पोहायला शिकले तेव्हा. मधली वीस वर्षं गेली ती गेली.

बरं, त्यात या वयात अंगसुद्धा दगा देतं हे कुणी मुलांना सांगतच नाही. वाढ भराभर होते तेव्हा आधी हातपाय लांब होतात, धड मागून वाढतं, आणि नव्या मापाच्या हातापायांचा अंदाज यायला वेळ लागतो, त्यामुळे काल छान धावणारं पोर काही महिने धडपडायला लागतं, वस्तू सांडायला लागतं. मुलींमध्ये ही जोराची वाढ साधारण अकरा-बाराच्या सुमारास असते. म्हणजे तिचं बॅटन पडलं नेमकं तेव्हाच. आमच्यात खोट आहे असं मुलं धरून चालतात आणि आपण वरून आळशी म्हणून शिक्का मारतो.

आणि पाळी? तू एक शब्द लिहिला नाहीस. तेरा वर्षांची आहे, सुरू झाली असेल किंवा होईल. पोट खरंच दुखत असेल की, आणि नसेल दुखत तर डाग पडेल ही भीती असेल, पीटीचे कपडे अंगाला घट्ट होत असतील, धावताना छाती हलते म्हणून लाज वाटत असेल आणि धावताना आधार देणारी नीट मापाची ब्रा कुणी आणूनच दिली नसेल. बऱ्याच मुली ज्या मैदान सोडतात ना त्या असल्या साध्या गोष्टींपायी सोडतात, ज्या एका दुपारी खरेदीला जाऊन सुटल्या असत्या. जा तिला घेऊन. तिच्या आवडीचं, तिच्या मापाचं घे, आणि दुकानात मोठ्याने चर्चा करू नकोस प्लीज.

तुझी मुलगी एकटी नाहीये हे पण सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी 146 देशांतल्या 11 ते 17 वयाच्या शाळकरी मुलांचा 2016 पर्यंतचा डेटा एकत्र केला, जवळजवळ 16 लाख मुलं, तर त्यातली 81 टक्के मुलं पुरेशी हलत नव्हती. मुलगे 78 टक्के, मुली 85. पाचातली चार पोरं आळशी कशी असतील गं, पोरांचा दिवसच आपण असा बांधलाय की बसल्याशिवाय तो पार पडत नाही. शाळेत बसा, क्लासला बसा, गाडीत बसा, घरी येऊन होमवर्कला बसा, आणि मग दमून बेडवर पडली की आपण विचारणार दिवसभर बसून का असतेस.

आता साडेपाचचं बघू. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येतच नाही, आणि या वयाला 8 ते 10 तास झोप लागते. तू तिची झोप कापून तिला चालायला नेत होतीस, वर ते शिक्षा म्हणून. भांडण होणारच होतं. हालचाल ही शिक्षा आहे असं एकदा डोक्यात बसलं की ते निघायला फार वर्षं लागतात (परत माझंच उदाहरण).

मग करायचं काय, तर पहिलं म्हणजे माफी माग. नातेवाइकांसमोर बोलले ते चुकलं, एवढंच. त्याला 'पण' जोडू नकोस, 'तुझ्या भल्यासाठीच' तर अजिबात नको. नंतर केव्हातरी शेजारी शेजारी असताना, कपड्यांच्या घड्या घालताना वगैरे, समोरासमोर बसवून नाही, त्या रिलेचं विचार. ती काही नाही म्हणाली तर सोडून दे, आठ दिवसांनी तीच बोलेल. नाही बोलली तरी तुला आठवण आहे एवढं तिला कळेल. शाळेत सरांशी किंवा मॅडमशी बोलायचं असेल तर तिला विचारून बोल. तिच्या पाठीमागे जाऊन बोललीस आणि तिला कळलं तर बॅटन परवडलं म्हणेल.

मग तिला निवडू दे. माझ्या मते सध्या प्रेक्षक नसलेलं, टीम नसलेलं, हरणं नसलेलं काहीतरी हवं. दार बंद करून नाच, सायकल, दोरीउड्या, एका मैत्रिणीबरोबर भटकणं, काहीही. मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं चांगली हालचाल सांगतात, पण सरासरी हा शब्द नीट वाच, एक दिवस वीस मिनिटं आणि दुसऱ्या दिवशी दीड तास असंही चालतं, आणि ते सलग पाहिजे असंही नाही, तुकड्यातुकड्यात चालतं. चालतचालत बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, म्हणजे जोर बरोबर आहे. आठवड्यातून तीनदा तरी उड्या, पळणं, चढणं असं हाडांना आणि स्नायूंना दणका देणारं काहीतरी असावं, कारण हाडं याच वयात भरतात, वाढीच्या जोराच्या वर्षांत जेवढी भरतात तेवढी पुढे कधीच नाही. पण हे साठ-बिठचे आकडे तुझ्यापुरते ठेव, भिंतीवर तक्ता लावू नकोस. आज शून्य असेल तर उद्या दहा मिनिटं म्हणजे भरपूर झालं.

मोबाईल हिसकावू नकोस. तिच्या मैत्रिणी त्यातच आहेत, तो काढलास की उरलेलं जगही गेलं तिचं. झोपताना तो खोलीबाहेर ठेवायचा, घरातल्या सगळ्यांचा, तुझा आणि बाबांचाही, एवढा एक नियम पुरे.

बाबांबद्दल... आपोआप होत नाही. याच वयात हालचाल कमी होते ती पुढे बहुतेकदा कमीच होत जाते. त्यांना म्हणावं सल्ला देण्यापेक्षा रविवारी तिच्याबरोबर बॅडमिंटन खेळा, आणि हरा. मुद्दाम हरायची गरज पडणार नाही बहुतेक.

वजनाबद्दल तू लिहिलं नाहीस, चांगलं केलंस. तिच्यासमोर आणि तिच्याबद्दल फोनवर बोलतानाही तो विषय काढू नकोस.

एक गोष्ट मात्र टाळू नकोस. दोन जिन्यांत धाप लागते म्हणतेस, तर डॉक्टरांकडे जाऊन ये. सवय मोडलीये म्हणून असेलही, पण पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये हिमोग्लोबिन कमी असणं अगदी कॉमन आहे आणि ते साध्या रक्त तपासणीत कळतं, काहींना पळताना दम्याचा त्रास होतो तोही लपून राहिलेला असतो. रक्तच कमी असेल तर आपण त्या पोरीला आळशी म्हणत होतो हे मनात घेऊन बसावं लागेल. पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडली तर त्याच दिवशी जा. आणि खेळच नाही तर गाणी, मैत्रिणी, जेवण, कशातच मन लागत नाही असं दोन आठवडे दिसलं तर तेही डॉक्टरांना सांग, समुपदेशकाची मदत घे.

तू स्वतः शेवटची कधी पळाली होतीस गं? टोमणा नाही, खरंच विचारतेय. तिला दोरीउड्या मारायला सांगण्याऐवजी तू मारून बघ, हॉलमध्ये, तिच्यासमोर. पाय अडकेल, दोरी कुठेतरी लागेल, ती हसेल. हसू दे. आईच्या हातूनही वस्तू पडतात हे तिला बघायला मिळेल, आणि दोरी उचलून तू परत सुरू केलीस हेही.

आणि तो साडेपाचचा गजर आजच बंद कर. झोपू दे तिला.

तुझी,
मावशी