पूर्ण झालेली कामं मोजत बसू नकोस
स्मार्ट सिटीच्या कामांच्या मूल्यमापनाचा अहवाल लिहायला बसण्याआधी शहराचा नकाशा उघड. २०१५ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी मिशनमध्ये १०० शहरं होती, पण बराचसा पैसा शहराच्या एका निवडक तुकड्यावरच खर्च झाला, पुण्यात औंध-बाणेर-बालेवाडी. तेव्हा मूल्यमापन तुकड्याचं की शहराचं, हे पहिल्याच पानावर लिही. कमांड सेंटरमधल्या, म्हणजे शहरभरचे कॅमेरे एका जागी पाहतात त्या खोलीतल्या, स्क्रीनवर भाळू नकोस. कॅमेऱ्यात पाण्यानं तुंबलेला चौक दिसला तर फोन कोणाला जातो आणि पंप किती वेळात पोचतो, ते विचार. फूटपाथवर मात्र स्वतः चाल, जमल्यास आजीला घेऊन. (माझा निम्मा अभ्यास काठी टेकत चालणाऱ्या आईसोबत झालाय.) मिशन मार्च २०२५ मध्ये संपलं, आता देखभालीचा खर्च पालिकेच्या बजेटात कुठे दिसतो, तेही शोध.