बालकासारखे, पण बालिश नव्हे

प्रश्न: चाळिशी ओलांडल्यावर चित्रे काढण्यातले आणि प्रार्थनेतले नवल हरवले आहे. येशूचा प्रेषित पौल याने पोरपणाच्या गोष्टी सोडल्या, मग येशू बालकांसारखे व्हा असे का सांगतो?

उत्तर: पौल (बायबलमधील करिंथकरांस पहिले पत्र, १३:११) अपुऱ्या समजुतीबद्दल लिहितो, तर मत्तयाच्या शुभवर्तमानात (१८:३-४) येशू, मोठा कोण या शिष्यांच्या प्रश्नाला उत्तर देताना, बालकाची नम्रता पुढे ठेवतो, त्यामुळे दोहोंत विरोध नाही. नवल हे या नम्रतेचेच भावंड आहे, कारण ‘हे मला ठाऊक आहे’ म्हणणारा माणूस मुंगीपाशी थांबत नाही. बायबलमधील आठव्या स्तोत्राचा कर्ताही चंद्र-तारे पाहूनच थक्क होतो. एखाद्या पानाच्या शिरा पंधरा मिनिटे पेन्सिलीने कागदावर उतरवा. चित्र बिघडले तरी चालेल (माझे नेहमीच बिघडते). ते पाहणे हीच त्या दिवशीची प्रार्थना समजा, तिच्यासाठी वेगळे शब्द शोधू नका.