मॉर्मन लोकही बायबल मानतात, मग बाकीच्या ख्रिस्ती लोकांशी त्यांचं बिनसतं कुठे?

तुमचा प्रश्न असा की मॉर्मनही बायबल वाचतात, येशूचं नाव घेतात, तरी इतर ख्रिस्ती मंडळी त्यांना आपल्यात का धरत नाहीत. सगळ्यात मोठं भांडण त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरून) आहे, पण तुम्ही बायबलबद्दल विचारलंय, म्हणून तेवढंच सांगतो.

मी नगरकडच्या प्रॉटेस्टंट घरातला. नोकरीमुळे काही वर्षं अमेरिकेतल्या युटा राज्यात होतो, शेजारी मॉर्मन. (2018 पासून त्यांच्या चर्चला हे नाव नकोसं झालंय, पण पूर्ण नाव लांबलचक आहे, म्हणून इथे मॉर्मनच म्हणतो.) शेजाऱ्यांकडे चेनच्या कव्हरमधलं एक जाडजूड पुस्तक असायचं. एकाच बांधणीत चार ग्रंथ: किंग जेम्स बायबल, 'बुक ऑफ मॉर्मन', 'डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स' आणि 'पर्ल ऑफ ग्रेट प्राइस'. चारही त्यांचं शास्त्रच.

एकदा मी त्यात बायबलच्या पहिल्या पुस्तकातलं, उत्पत्तीतलं 6:6 काढलं. माणूस निर्माण केल्याचा परमेश्वराला अनुताप झाला, हे आपल्याकडचं वाक्य तिथेही जसंच्या तसं होतं. पण खाली तळटीप होती. तिच्यात अनुताप होतो तो नोहाला! ही दुरुस्ती मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याची. 1830 ते 1833 या काळात त्याने बायबलचा बराच भाग असा सुधारून घेतला. समोर जुनी हिब्रू किंवा ग्रीक हस्तलिखितं नव्हती. देवाने दाखवलं तसं लिहिलं, हा त्याचा दावा. बायबलच्या निर्गम या पुस्तकातही तसंच. फारोचं, म्हणजे इजिप्तच्या राजाचं मन परमेश्वराने कठीण केलं, असं जिथे आहे तिथे स्मिथच्या आवृत्तीत फारो स्वतःच आपलं मन कठीण करतो.

माझ्या मते सगळा फरक या दोन ओळींत आहे. देवाला पस्तावा कसा होईल, हा प्रश्न आमच्या पाळकांनाही छळतो. त्यावर ते तासभर प्रवचन करतील, पण ओळीला हात लावणार नाहीत. मॉर्मन लोकांच्या दृष्टीने संदेष्टा ओळही सुधारू शकतो.

1842 मध्ये स्मिथने आपली श्रद्धा तेरा कलमांत मांडली. आठव्यात म्हटलंय की बायबल देवाचं वचन आहे, पण अनुवाद जिथवर बरोबर आहे तिथवरच. पुढे लगेच 'बुक ऑफ मॉर्मन'ही देवाचं वचन आहे असं येतं, तिथे मात्र अशी अट नाही. शिवाय त्या ग्रंथातच लिहिलंय की बायबलमधून स्पष्ट आणि मौल्यवान भाग काढून टाकले गेले. इथे मला त्यांचं पटत नाही. नकलकारांच्या चुका झाल्या हे कुणीच नाकारत नाही. मार्कच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या बारा ओवी कित्येक बायबलांत कंसात असतात त्या उगाच नाही. पण हे कळतं ते हस्तलिखितं ताडून. 1947 पासून मृत समुद्राजवळ गुंडाळ्या सापडल्या. त्यातली यशयाची गुंडाळी तोवर माहीत असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनी निघाली. बारीकसारीक फरक भरपूर, पण ग्रंथ तोच.

आमच्या बाजूचाही एक लंगडा मुद्दा सांगून टाकतो. बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या शेवटी 'यात भर घालू नका' असं आहे, म्हणून मॉर्मन चूक, असं बरेच जण ठणकावतात. पण तशीच ताकीद बायबलच्या सुरुवातीच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातही (4:2) आहे, आणि त्यानंतर कितीतरी पुस्तकं आली. शेजाऱ्याने मला हे ऐकवलं तेव्हा मी गप्प बसलो.

कॅथलिक लोक 'फक्त शास्त्र' म्हणत नाहीत, परंपरा आणि चर्चचा अधिकारही मानतात. तरी त्यांची 73 पुस्तकं ठरलेली आहेत, पोपही चौऱ्याहत्तरावं आणणार नाही. आम्हा प्रॉटेस्टंटांची 66. मॉर्मनांचं दार उघडं आहे. कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद देण्याची 1978 ची घोषणा आज त्यांच्या शास्त्रात छापलेली आहे.

तुमच्या दारी पांढरा शर्ट आणि काळा बिल्ला लावलेली दोन पोरं आली, तर ती 'बुक ऑफ मॉर्मन'मधलं मरोनी 10:4 उघडून देतील आणि म्हणतील, वाचा, प्रार्थना करा, हे खरं आहे का ते देवालाच विचारा. माझे पाळक बायबलमधली बिरुया गावच्या लोकांची गोष्ट सांगतील. प्रत्यक्ष प्रेषित पौलाचं बोलणंही ते रोज शास्त्र उघडून पडताळायचे.