आजीच्या ताटावरचं नाव

अगं, तुझ्या चित्रांचे सगळे फोटो बघितले, मोठे करून करून बघितले. हात खूप चांगला आहे तुझा, रंग तर मस्तच. पण ते अर्धा चेहरा नथवाला आणि अर्ध्यात न्यूयॉर्कच्या बिल्डिंगा, ते मला नाही पटलं, रागावू नकोस. तुझा जन्म न्यू जर्सीतल्या एडिसनचा, तुमच्याकडे नथ बाहेर निघते ती गणपतीतच, मग ते चित्र तुझ्या घरातलं कसं? बघणाऱ्याला पटकन कळावं म्हणून काढलंयस तू ते.

झरीना हाश्मी या चित्रकार, छापचित्रं करायच्या, त्यांचं काम नीट बघ. जन्म १९३७ चा, अलीगढचा, नंतर कितीतरी देशांत राहिल्या, बरीच वर्षं न्यूयॉर्कमध्ये. १९९९ मध्ये त्यांनी 'होम इज अ फॉरेन प्लेस' नावाचे ३६ वुडकट, म्हणजे लाकडात कोरून काढलेले छाप, केले, घर, उंबरठा, दार, अंगण असे एकेक शब्द उर्दूत आणि सोबत नुसत्या काळ्या रेघा, बस. पुढे 'लेटर्स फ्रॉम होम'मध्ये कराचीच्या बहिणीनं लिहून कधी न पाठवलेली पत्रंच घेतली त्यांनी, त्यावर घरांचे, शहरांचे नकाशे. मला ते बघताना अजून भरून येतं.

आता तुझ्याकडे काय आहे बघ. तुमच्या किचनमध्ये आजीचं स्टीलचं ताट आहे ना, मागे टिंबाटिंबांनी नाव आणि तारीख घातलेलं? भांडीवाल्यानं मशिनने कोरलेलं ते, म्हणजे एन्ग्रेव्हिंगच की, त्यावरून छाप काढता येतो! आधी पातळ कागद ठेवून वर ग्राफाइट घास, नाव पांढरं उमटेल, सुलटं. मग त्या टिंबांत शाई भर, वरची पुसून घे, कागद ओला करून चमच्याच्या पाठीनं जोर लावून दाब, आता नाव उमटेल उलटं. तू मला म्हणालीस ना की देवनागरी अक्षरं बघून ओळखीची वाटतात पण वाचता येत नाहीत, ते या उलट्या नावात आहे बघ, त्यासाठी वेगळं काही काढायची गरजच नाही.

शाई रॉकेलने नको, खोबरेल तेलाने पुस, ताट रोजच्या वापरातलं आहे. पहिला प्रिंट बिघडला तरी टाकू नकोस, मला पाठव. आणि ती तारीख कशाची आहे, ते आईला विचारून ठेव.